तिच्या मानाखातर सभा तहकूब

मी साऊंडवाला. लग्न, हळद, पूजा, उद्घाटन, वाढदिवस, सगळीकडे माझे स्पीकर आणि माझे माईक. शोकसभेलासुद्धा. शोकसभेला इको बंद ठेवायचा, एवढंच काय ते वेगळं. बाकी मांडव तोच, खुर्च्या त्याच, आणि हातात माईक आला की न सोडणारे पुढारीही तेच. कुणी गेलं की डेकोरेटरचा फोन यायचा, मी टेम्पोत सामान टाकून जायचो आणि बाजूला उभा राहून भाषणं ऐकायचो. कधी न भरून येणारी पोकळी, मनमिळाऊ स्वभाव, ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. सगळं तोंडपाठ झालेलं. एखादा वक्ता अडकला असता तर मी मागून पुढचं वाक्य सांगितलं असतं. असल्या सभेने कुणाच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ शकतं, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ही गोष्ट कुठल्या पालिकेची ते सांगत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पालिका काय कमी आहेत? ज्याला समजायचं तो समजेल. मला अजून याच भागात राहायचंय, आणि माझं पोट याच लोकांच्या मांडवांवर आहे.

माझी बायको पालिकेच्या हॉस्पिटलात प्रसूती विभागात नर्स होती. हॉस्पिटलच्या मागे कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, तिथे तळमजल्यावर तिला क्वार्टर मिळालेलं. दीड खोली, आत मोरी, दारात पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस. मी मूळचा मोहन्याचा, लग्नानंतर तिच्याकडे राहायला आलेलो. मित्र चिडवायचे, "घरजावई ऐकला होता रे, हा घरनवरा!" मी म्हणायचो, चिडवा लेको, तुमच्यापैकी कुणाच्या नळाला दोन्ही वेळ पाणी आहे? आम्हाला मूल झालं नाही. दुसऱ्यांची बाळं बाहेर काढण्यात तिचा जन्म गेला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मग मीही नाही बोललो.

आमच्याबरोबर तिची आई राहायची. मी त्यांना मामी म्हणतो. सातारच्या बाजूच्या. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर बसवावं लागतं. मशीन हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, आमचं क्वार्टरही तळमजल्यावर. व्हीलचेअर दारातून काढली की थेट मशीनपाशी, मधे एक पायरी नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं ते सगळं या पायरीपायी झालं. मामींना पायरी चढता येत नाही. हाडं पार भुगा झालीत, आणि मशीनवरून आल्यावर तर मान धरवत नाही.

कोरोनात बायकोला काही झालं नाही. पीपीई किटात घामाने भिजून यायची, दारातच आंघोळ करायची, आईला लांबून जेवण सरकवायची. तिच्याबरोबरच्या किती गेल्या, ही टिकली. सगळं ओसरलं, लोकांनी मास्क काढून खिशात घातले, आणि एक दिवस ड्यूटी संपवून ती चेंजिंग रूममधल्या बाकावर बसली ती उठलीच नाही. हार्ट. डबा माझ्याकडे परत आला तेव्हा त्यात भेंडीची भाजी तशीच होती. तो डबा मी धुतला नाही कितीतरी दिवस. शेवटी मामी ओरडल्या, "पाव्हणं, वास यायला लागलाय." त्या मला पाव्हणंच म्हणतात, एका घरात एवढी वर्षं राहून.

मग कागद आला. कर्मचारी मयत, काही महिन्यांची सवलत, त्यानंतर क्वार्टर खाली करावं. मी मालमत्ता विभागात गेलो. तिथला साहेब वाईट नव्हता हो, त्याने बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "मुलगा-मुलगी असती तर अनुकंपावर नोकरीत घेतलं असतं, क्वार्टर राहिलं असतं. तुम्ही स्वतः वयात बसत नाही."

"आणि तिची आई?"

"सासूबाई ना तुमच्या?"

"तिची आई हो. कर्मचाऱ्याची सख्खी आई. मशीनवर आहे, तुमच्याच हॉस्पिटलात."

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाला, "नियमात नाही. पण खास बाब म्हणून मुदत वाढवता येते. महासभेने ठराव करायला पाहिजे. नगरसेविकेला धरा."

आमच्या वॉर्डातली ताई मी ओळखून होतो. तिच्या हळदीकुंकवाला साऊंड माझाच. शिवाय तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या बायकोच्या हातची. ताईने ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे सचिवांना फोन लावला. मामी हयात असेपर्यंत क्वार्टर राहू द्यावं, असा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आला. सगळ्यात शेवटी, पण आला. मी पेढे घेऊन गेलो तर ताई म्हणाली, "आधी होऊ दे मंजूर, मग खाऊ." तेवढ्यात मेहुण्यालाही फोन करून ठेवला. तो वर्तकनगरला राहतो, बिल्डिंगला लिफ्ट आहे. "भाऊजी, मुलांची परीक्षा आहे, तोवर जरा तुम्ही बघा ना आईचं," म्हणाला. ती परीक्षा अजून संपलेली नाही.

महासभेच्या दिवशी मी प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. जणू मलाच बोलायचं होतं. खाली नगरसेवक जमले, महापौर आले, सचिवांनी शोकप्रस्ताव वाचला. कुणीतरी माजी नगरसेवक वारलेले. दोन-चार जण बोलले, सगळे उभे राहिले, मीही राहिलो. दोन मिनिटं म्हणतात, ती कधीच पुरी होत नाहीत, कुणीतरी खाकरतं आणि माणसं बसतात. पण इथे बसली नाहीत. चालायला लागली. खुर्च्या सरकवून, एकमेकांच्या पाठीवर थाप मारत बाहेर.

मी दारातल्या शिपायाला विचारलं, "अहो, चहाची सुट्टी का?"

"तहकूब झाली. पुढच्या तारखेला."

"का?"

"माजी सदस्य वारले ना. दुखवट्याला काम करत नाहीत. पद्धत आहे."

घ्या! मी तसाच घरी आलो. मामी खाटेवर उठून बसलेल्या, मला बघून म्हणाल्या, "झालं?" मी सगळं सांगितलं, जरा तणतणतच सांगितलं. मला वाटलं त्या कपाळाला हात लावतील. तर त्या म्हणाल्या, "म्हंजी मेल्याला मानूस म्हून काम बंद ठेवत्यात. चांगलीच रीत हाय की. आमच्या आळीत बी मयत असलं की कुनाची चूल पेटायची न्हाई." मग म्हणाल्या, "माझ्या लेकीसाठी उभी ऱ्हायली हुती का मानसं?"

मी म्हटलं, "नाही मामी."

"एवढी बाळं काढली तिनं त्यांची."

कोरोनात गेलेल्यांसाठी सभा उभी राहिली होती, त्यांचे फोटो लागले होते. माझी बायको कोरोना संपल्यावर मेली. उशीर केला बिचारीने.

तहकूब झालेली सभा नंतर भरली, नाही असं नाही. पण ती पाण्यावर गेली. कुणाच्या वॉर्डात येत नाही, कुणाच्या वॉर्डात चोरीला जातं, कुणी रिकामा हंडा आणून महापौरांच्या टेबलावर आदळला. राजदंडाची पळवापळवी झाली. संध्याकाळ होईतो सगळ्यांना भूक लागली आणि उरलेले विषय पुढच्या सभेत घेऊ असं ठरलं. पुढच्या सभेला पुन्हा एक माजी सदस्य वारलेले. पुन्हा उभे, पुन्हा तहकूब. मी गॅलरीत डोकं धरून बसलो. शेजारी एक म्हातारे काका बसायचे, त्यांचा कसला तरी गटाराचा विषय होता. ते म्हणाले, "शिका, सवय होईल." मला चीड आली. म्हटलं, "काका, तुमचं गटार थांबेल हो, माझी म्हातारी नाही थांबणार."

मालमत्ता विभागाचा साहेब मधल्या काळात दोनदा घरी येऊन गेला. तोही वरून दाब आहे म्हणाला. ठराव आणा, नाहीतर मला कुलूप लावावं लागेल. आणि पालिकेची मुदत संपत आलेली. निवडणूक कधी होणार कुणालाच माहीत नाही. नगरसेवकांची मुदत संपली की सगळा कारभार प्रशासकाच्या हातात, आणि तो नियमाबाहेर एक पाऊल टाकणार नाही, हे सगळेच सांगत होते. म्हणजे उरली एकच सभा. त्या सभेत ठराव झाला तर मामी तळमजल्यावर राहणार, नाहीतर नाही.

माझी तेव्हाची हालत काय सांगू तुम्हाला. चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसला की मी ब्रेक मारायचो. गाडी बाजूला घेऊन वाचायचो. कोण गेलं? समाजसेवक. बरं, चालेल. कोण गेलं? उद्योजक. चालेल. माजी नगरसेवक असं दिसलं असतं तर मी तिथेच बसकण मारली असती. त्यात कळलं की एक जुने नगरसेवक आयसीयूत आहेत. ज्यांना मी जन्मात मत दिलं नाही, ज्यांनी एकदा माझ्या स्पीकरवरून अख्ख्या आळीसमोर माझी आईबहीण काढलेली, तेच. मी हॉस्पिटलात गेलो. त्यांच्या सुनेला विचारलं, "साहेबांना कसं आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "किती लोकांचा जीव आहे हो यांच्यावर." मी मान हलवली. परत येताना गावदेवीला नारळ फोडला आणि म्हटलं, आई, याला तेवढी एक सभा होईस्तोवर जगव, मग तू आणि तो बघून घ्या. हे मी मामींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. लेक गेल्यावर पहिल्यांदा हसल्या. "पाव्हणं, पाप लागंल," म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

शेवटच्या सभेच्या आधी ताई घरी आली, मामींना बघायला. खुर्चीवर न बसता खाटेवरच बसली, मामींचा हात हातात घेतला. मामींच्या हातावर ती मशीनची नस केवढी फुगलेली असते, लोक बघायला घाबरतात. ताई घाबरली नाही. म्हणाली, "आजी, काळजी करू नका. या वेळी मी विषय वर घेतलाय. शोकप्रस्ताव झाला की लगेच आपलाच."

मामी म्हणाल्या, "बाई, एक मागू का?"

"मागा की."

"माझ्या लेकीसाठी येकडाव उभं ऱ्हावा सगळी. लई न्हाई. मला आपलं वाटतं."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणाली, "आजी, आम्ही चुकलो. या सभेत तिचं नाव घेते." आणि तुम्हाला सांगतो, मलाही बरं वाटलं. मी मनात म्हटलं, हे चांगलंच झालं. आधी तिचं नाव निघेल, लोकांचं मन हलेल, आणि लगेच तिच्या आईचा विषय. कोण नाही म्हणेल? सभा तहकूब होते ती नगरसेवकासाठी, पालिकेच्या नोकरासाठी कधी होत नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं. ताईलाही, मलाही. नोकरासाठी उभं राहायचं आणि बसून कामाला लागायचं.

आयसीयूतले साहेब सभेच्या दिवशी जिवंत होते. सकाळीच फोन करून खात्री केली.

मी गॅलरीत पहिल्या रांगेत बसलो. मामींना मशीनवर बसवून आलेलो. सचिवांनी शोकप्रस्ताव वाचायला घेतला. कुणी संगीतकार, कुणी कीर्तनकार, एक सफाई कामगार, एक पंपचालक, आणि मग माझ्या बायकोचं नाव. माहेरचं नाही, माझं आडनाव लावलेलं. त्या मोठ्या हॉलमध्ये, एवढ्या मोठ्या स्पीकरमधून. मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं स्पीकरमधून ऐकवली, आणि हे ऐकताना मला कळेना की कुठे बघू.

ताई बोलली. छान बोलली, कागद न बघता. म्हणाली, माझी दोन्ही मुलं तिच्या हातात आधी आली, मग माझ्या. मग दुसरी नगरसेविका उठली, तिचा नातू. मग एकाची बहीण. मग कुणाची सून, अडलेली बाई, रिक्षातच झालेलं बाळंतपण, भर पावसात धावत आलेली सिस्टर. एकामागून एक उठायला लागले. त्यातलं अर्धं मलाच माहीत नव्हतं. ती घरी येऊन कधी सांगायचीच नाही, "आज लय दमले" एवढंच म्हणायची. मी रडत होतो. खरंच सांगतो, त्या वेळी मला वाटलं आता क्वार्टर गेलं तरी चालेल, एवढं मिळालं. असं वाटलं थोडा वेळ. देवाने तेवढंच नेमकं ऐकलं असणार.

मग विरोधी बाजूचे एक ज्येष्ठ सदस्य उठले. पांढरे केस, कडक इस्त्री. त्यांचा आवाज भरून आलेला. म्हणाले, "महापौर महोदय, आपण नगरसेवक गेला तर सभा तहकूब करतो. ही सेविका गेली, हे कामगार गेले, त्यांच्यासाठी आपण उभे राहतो आणि लगेच टेंडर मंजूर करायला बसतो. हा भेदभाव का? मुदतीची आपली ही शेवटची सभा. या माउलीच्या मानाखातर आजची सभा तहकूब करावी. एक चांगला पायंडा पाडून जाऊया."

बाकं वाजायला लागली. दोन्ही बाजूची. एवढी वर्षं एकमेकांचे गळे धरणारी माणसं, आज एकदम एक झाली.

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. मी ताईकडे बघितलं. ती वळून गॅलरीकडे बघत होती, चेहरा पांढराफटक. ती उठली, "महापौर महोदय, मला वाटतं..." पण काय बोलणार ती? जिच्यासाठी तिने सगळ्यांना रडवलं, तिच्यासाठीच सभा थांबवू नका म्हणणार? महापौर म्हणाले, "ताई, आपल्या भावना समजतात. सर्वांनी उभे राहावे."

सगळे उभे राहिले. आयुक्त, अधिकारी, पत्रकार, पोलीस. सगळा हॉल माझ्या बायकोसाठी उभा. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. आणि मी त्या शांततेत ओरडलो, "नको! अहो, थांबू नका तिच्यासाठी! तिच्याच आईचा विषय आहे, घ्या तो आधी! काम चालू ठेवा, पाया पडतो!"

सगळ्यांनी वर बघितलं. कुणीतरी खालून म्हणालं, "मिस्टर आहेत तिचे." एक बाई तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. दोन सुरक्षारक्षकांनी मला धरलं, हळूच धरलं, अगदी पोटच्या पोरासारखं. "सांभाळा भाऊ, सांभाळा. पाणी आणा रे. धक्का बसलाय त्यांना." मी म्हणत होतो, अरे, धक्का नाही, विषय, विषय घ्या. ते म्हणत होते, हो हो, घेतील, सगळं घेतील, तुम्ही बसा. मला बाहेर आणून बाकावर बसवलं, ग्लास तोंडाला लावला. दारातून माणसं बाहेर यायला लागली. येणारा जो तो माझा हात हातात घेत होता. ते पांढऱ्या केसांचे सदस्यही आले, त्यांनी मला मिठी मारली. त्या माणसाचे डोळे खरोखर ओले होते. लोक नंतर म्हणाले की त्याला त्या दिवशीचं कसलं तरी टेंडर अडवायचं होतं. असेल. पण डोळे ओले होते हेही मी बघितलंय, आणि कुणाला शिव्या घालायच्या तेच मला कळत नाही.

ताई धावत आली. "तहकूब सभा आठ दिवसांत लावते, मी महापौरांच्या मागेच लागते." लागली असेल. तारीख निघाली नाही. मुदत संपली, नगरसेवकांच्या पाट्या उतरल्या. प्रशासकाच्या केबिनबाहेर ताई आणि मी एकत्र बसलो, तीही माझ्यासारखीच, पिशवी मांडीवर घेऊन. आत गेल्यावर प्रशासकांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "ठराव झालाय का?"

पण त्याच्या आधीचं सांगतो, सभेच्या दिवशीचं. मी मामींना मशीनवरून आणायला गेलो. त्यांची मान एका बाजूला पडलेली, ओठ सुकलेले. डोळे उघडून पहिलं तेच विचारलं.

"उभी ऱ्हायली का?"

"राहिली मामी."

"सगळी?"

"सगळी. आयुक्तसुद्धा."

"आन् काम? काम बंद ठेवलं तिच्यासाठी?"

मी म्हटलं, "ठेवलं. सभा तहकूब केली. नोकरमाणसासाठी पहिल्यांदाच."

त्यांनी दोन्ही हात जोडले. एका हाताला पट्टी बांधलेली, तो नीट वर येईना. मग तिथल्या सिस्टरला हाक मारली, वॉर्डबॉयला हाक मारली, शेजारच्या मशीनवरच्या माणसाला सांगितलं. "माझ्या लेकीसाठी पालिका बंद ठिवली आज." वाटेत व्हीलचेअर ढकलताना वॉचमनलाही सांगायला लावलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "एवढा मान दिला. आता आपल्याला हितनं कोन काढतंय, पाव्हणं?"

मी चहाला पाणी घ्यायला मोरीकडे गेलो. विषयाचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे खोली सोडायची वेळ आली तेव्हा म्हटलं, वसाहतीची डागडुजी निघालीय, सगळ्यांनाच तात्पुरतं जायचंय. त्या म्हणाल्या, "बरं." तुळशीचा डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसल्या. मालमत्ता विभागाच्या साहेबाने स्वतः सामानाला हात लावला आणि कुलूप लावताना दुसरीकडे बघत होता.

आता आम्ही दिव्याला राहतो. चौथा मजला, लिफ्ट नाही, परवडणारं तेवढंच होतं. पाणी टँकरचं. मशीनच्या वाराला मामींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघे उतरवतो, मी आणि मजल्यावरचे तिघे शेजारी. भली माणसं आहेत, कामाला उशीर करून थांबतात. पण उतरवताना मामी दर पायरीला कण्हतात, आणि चढवताना कण्हतही नाहीत, ते जास्त वाईट. महिनाभरापूर्वी त्यांनी एक वार चुकवला. मग अजून एक. पाय सुजले, श्वास लागला. मी पाया पडलो, ओरडलो, जेवणार नाही म्हटलं. "कशापायी मानसांना तरास," एवढंच म्हणतात. माझ्या हातात आता काही उरलेलं नाही. रोज सकाळी उठून आधी त्यांचा श्वास ऐकतो, मग चूळ भरतो.

परवा कसंबसं राजी केलं. चौघांनी खुर्ची उचलली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला टेकवली. घामाने निथळत होतो सगळे. मामींनी मला जवळ बोलावलं. मी वाकलो.

"पाव्हणं, मी गेल्यावर त्या ताईला एक सांगा."

"काय मामी?"

"माझ्यासाठी कुनाला उभं करू नगा म्हनावं. काम चालू ठेवा."

सभेत मी ओरडलो होतो तेच शब्द, आणि ते मी त्यांना कधी सांगितले नव्हते. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, तो फुगलेल्या नसेचा. शेजाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "काका, निघायचं ना?" मी खुर्चीचा पाय धरला आणि म्हटलं, उचला.